उपवास, म्हणजे आहार शून्य

अष्टमीच्या संध्याकाळी पारखीनं शेंगदाण्याचं नाव घेतलं.

त्याआधी आठवडाभर ती नुसती पिवळी होऊन बसली होती. पारखी म्हणजे आमच्या फ्रिजवरची ती वाटीएवढी पेटी. सहा महिन्यांपूर्वी माझी लेक जुई जन्मली तेव्हा दवाखान्यातूनच गळ्यात पडली, हल्ली सगळ्यांच्याच पडते. बाळाच्या टाचेला एक टिकली चिकटवतात. बाळाच्या शरीरानं कुठल्या अन्नाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला घेतलीत, ते ती टिकली घामातून मोजत राहते. आणि रोज संध्याकाळी पेटी गोड आवाजात घरातल्या प्रत्येकाला विचारते, "आज काय खाल्लंत?" टिकलीचे आकडे आणि आपली उत्तरं यांचा मेळ घालून ती ठरवते, की या बाळाला पुढे काय बाधणार आणि कुठला घास कधी द्यायचा. ती हिरवी असली की पाळणाघरवाले हसून दार उघडतात. पिवळी असली की "बघू" म्हणतात.

लाल म्हणजे काय, ते आमच्या घराला कुणी शिकवायला नको. माझ्या नणंदेचा ईशान लाल आहे, आणि तोही शेंगदाण्याचाच. चार वर्षांचं पोर, बालवाडीत काचेच्या खोलीत एकटं बसून डबा खातं. त्याच्या वाढदिवसाला दुसऱ्यांची मुलं येत नाहीत आणि दुसऱ्यांच्या वाढदिवसाला तो जात नाही. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी (आमच्या सोलापूरकडे सासूला आत्याच म्हणतात), या नातवाला शेवटचं कडेवर घेतलं तेव्हा तो रांगत होता. आता शीतलवन्सं दिवाळीला येतात, फाटकाबाहेर गाडी उभी करतात आणि ईशान काच बंद ठेवून आजीला हात दाखवतो. सोलापुरातल्या घरात त्याला आणणार तरी कसं? इथं शेंगा चटणीशिवाय माणूस भाकरीला हात लावत नाही.

तर पारखी म्हणाली, "जुईचं अन्न निश्चित झालं आहे. शेंगदाणा. प्रतिपिंडं वेगानं वाढत आहेत. तुमच्या उत्तरांनुसार या आठवड्यात घरात कुणीही शेंगदाणा खाल्लेला नाही. म्हणजे ही वाढ बाहेरून आलेली नाही, उपजत आहे. दसऱ्याच्या संध्याकाळी लाल शिक्का कायम होईल."

असं सांगितलं, जसं काही उद्या पाणी येणार नाही!

मी जुईच्या गालाला मलम लावत होते. तिला इसब आहे. गाल, कोपराच्या घड्या, गुडघ्यांच्या मागे, सगळीकडे कातडी खरखरीत आणि लाल. माझा हात तिच्या गालावरच थांबला. मग उठले, फडताळातली चटणीची बरणी काढली आणि बाहेर कचऱ्यात नेऊन टाकली. झाकणासकट.

"अगं, पण नवरात्रात चटणी खाल्लीय कुणी?" तेजस, माझा नवरा, मागे मागे आला. "बरणी घटस्थापनेपासून बंदच आहे की."

"कुणी हात न्हाई लावला," आत्या म्हणाल्या. "समद्यांचे उपवास. मशीन खरं बोलतंय गं."

मशीन खरं बोलतंय, म्हणूनच तर जीव उडाला होता. बाहेरून काही न येता शरीर आपणहून शेंगदाण्यावर उठलं असेल, तर अशा बाळांना तो भरवून बघायलाही बंदी आहे. पूर्वी कुठंतरी भरवला, दोन बाळं दगावली, तेव्हापासून नियम आहे. शिक्का पडला की पाच वर्षं कुठलाही डॉक्टर चाचणी करत नाही. आणि शरीराची समजूत घालायची ती पहिल्या वर्षात. पाच वर्षांनी काय करायचंय, तोवर शरीराचं मत पक्कं झालेलं असतं.

मी डॉक्टर कोनापुऱ्यांना फोन केला. जुईच्या डॉक्टर त्याच. बाई चांगल्या आहेत, उगाच धीर देत नाहीत. म्हणाल्या, "हर्षदा, उपजत म्हटल्यावर माझे हात बांधलेले आहेत. काही वेगळं कारण सापडलं तर सांग."

वेगळं कारण कुठून आणू? मी तेजसवर घसरले. "उपजत म्हणजे तुमच्याच रक्तातलं. आधी बहिणीचा मुलगा, आता माझी मुलगी."

बोलले आणि आत्यांकडे लक्ष गेलं. त्या जुईची झबली घड्या घालत होत्या. घडी घातली, मोडली, परत घातली. मग म्हणाल्या, "शिक्का पडला तर तुमी दोघं वेगळं बिऱ्हाड करा. नवीन घर घ्या, शेंगदाणा शिरला नसंल असं. मी लांबनं बघीन."

"आई, काहीतरी बोलू नकोस," तेजस म्हणाला.

"काहीतरी न्हाई. शीतलच्या टायमाला मी समजून घेतलं न्हाई, म्हनलं एवढंसं दाण्याचं काय घेऊन बसलीस. आता कळतंय."

मला रडू आलं. रागही आला. सगळ्यांचाच, त्या पेटीचा तर फारच. जुई मात्र टाचेवरची टिकली तोंडात घालायच्या खटपटीत होती.

नवमीचा दिवस कसा गेला ते मला नीट आठवत नाही. अंगावर पाजताना मी तिचा श्वास ऐकत होते. जरा कुठं शिंकली की तिचं झबलं वर करून पोट बघत होते, पुरळ उठलंय का. आत्या सकाळी रूपाभवानीला जाऊन आल्या, अंगारा लावला तिला. मी लावू दिला. एरवी दिला नसता.

संध्याकाळी सगळे मिळून फराळाला बसलो. खायची वासना नव्हती, पण दूध येत नाही नाहीतर. एका मांडीवर जुई, पुढ्यात ताट. ताटात भगर, वर आमटी, कडेला काकडीची कोशिंबीर. एक घास मी खात होते, दुसऱ्या क्षणी त्याच हाताच्या मनगटानं तिची लाळ पुसत होते, गालावरचे केस मागे सारत होते.

पारखीनं विचारलं, "हर्षदा, आज काय खाल्लंत?"

"उपवास आहे," मी म्हणाले. सवयीनं. घटस्थापनेपासून रोज हेच सांगत होतो, आम्ही तिघंही.

रोज ती "नोंद झाली" म्हणून गप्प बसायची. त्या दिवशी बसली नाही. निर्णयाच्या आदल्या दिवशी बहुतेक उत्तर पडताळून घेते. म्हणाली, "उपवास, म्हणजे आहार शून्य. बरोबर?"

"बरोबर," मी म्हणाले आणि आमटीचा भुरका मारला.

आणि हातातला घास परत ताटात टाकला.

आमटी कशाची? दाण्याची! कोशिंबिरीत काय? कूट! काल खिचडी होती, तिच्यात साबुदाणा दिसेना इतका कूट. परवा बटाट्याची भाजी, कूट घालून. दुपारच्याला दाण्याचे लाडू, कारण "पोरीला पाजतीस, ताकद पायजे". आत्या रोज सकाळी किलोभर दाणे भाजून मिक्सरला लावत होत्या, ओट्यावर धुरळा, पातेल्यांवर धुरळा, आमच्या हातांवर, पदरांवर, नखांत. हे सगळं आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि कुणालाच दिसलं नाही. कारण ते शेंगदाणे नव्हते हो, ते 'उपवासाचं' होतं! चटणी म्हणजे शेंगदाणा. उपवासाचं म्हणजे उपवासाचं.

"आत्या," मी म्हणाले, "आपण काय खातोय?"

"फराळ," आत्या म्हणाल्या. मग त्यांनी ताटाकडे बघितलं. "अगं बया."

तेजसच्या हातात लाडू होता. त्यानं तो असा धरला, जसा विंचू धरलाय.

मी पेटीसमोर उभी राहिले. "ऐक. उपवास म्हणजे उपाशी नाही."

"समजलं नाही. उपवास म्हणजे अन्नत्याग."

"अगं बाई, कसला अन्नत्याग! उपवासाला आम्ही रोजच्यापेक्षा जास्त खातो. साबुदाणा, भगर, रताळी, आणि शेंगदाणा. सगळ्यात शेंगदाणा. वरून, खालून, मधून शेंगदाणा!"

"आजच्या उत्तरात दुरुस्ती करायची आहे का?"

"आजच्या नाही, घटस्थापनेपासूनच्या! आणि मागच्या चतुर्थीच्या, एकादशीच्या, श्रावणातल्या सगळ्या!" मी ओरडत होते. जुई दचकून रडायला लागली.

पेटीनं सगळे आकडे पुन्हा मोजायला घेतले. ती कुठल्या शहरात कुणी शिकवली कोण जाणे. शिकवणाऱ्यांनी शब्दकोश उघडला असणार, एखाद्याच्या घरी एकादशीला जेवायला गेले नसणार. मग ती पिवळीच राहून म्हणाली, "नवीन निष्कर्ष. शेंगदाणा कातडीतून शिरला आहे. वाढ उपजत नाही. लाल शिक्का रद्द. डॉक्टरांच्या देखरेखीखाली भरवण्याची चाचणी शक्य. धोका मध्यम. निर्णय पालकांचा."

कातडीतून. म्हणजे माझ्याच बोटांनी. आणि हे उपवास मी कशासाठी धरले होते? आत्या नको नको म्हणत होत्या, पाजणाऱ्या बाईनं उपवास करू नये म्हणत होत्या. मीच हट्टाला पेटले होते, देवीला बोलले होते, की माझ्या लेकीची कातडी बरी होऊ दे. मी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. परत धुतले. तेजसनं येऊन नळ बंद केला तेव्हा थांबले.

बाहेर आले तर आत्या तशाच ताटापुढे बसलेल्या. म्हणाल्या, "शीतलचं बाळंतपण श्रावणात झालं. याच घरात. सोमवार, शनिवार, समदे उपवास केले तिनं. मग आपल्या ईशानचं..."

तेजसनं तांब्या उचलला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

"शीतलला मी सांगीन," आत्या म्हणाल्या. "माझ्याच तोंडानं सांगीन. आधी हिचं बघा."

दसऱ्याला सकाळी डॉक्टर कोनापुऱ्यांनी आमच्यासाठी दवाखाना उघडला. सगळं ऐकून घेतलं आणि आधी हसल्या. मग हसू गेलं.

"शरीराला अन्नाची ओळख दोन वाटांनी होते," त्या म्हणाल्या. "तोंडावाटे गेलं, की आतडं म्हणतं, पाहुणा आहे, येऊ दे. पण इसबामुळं कातडीला बारीक चिरा पडलेल्या असतात. तिथून तीच भुकटी आत घुसली, की शरीराला वाटतं, चोर आला. ते पहारेकरी नेमतं. तीच ही प्रतिपिंडं. मग पुढे कधी तो शेंगदाणा तोंडावाटे गेला, तरी पहारेकरी त्याला चोरच समजून झोडपतात. त्या झोडपाझोडपीत घसा सुजतो, श्वास कोंडतो. जुईच्या तोंडात अजून दाणा गेलेला नाही, कातडीतून मात्र रोज जातोय. तुम्ही नेमकं उलटं केलंत. मुद्दाम नाही केलंत, पण केलंत."

"आता?" मी विचारलं.

"आता शर्यत आहे. पहारेकरी अजून थोडे आहेत. आत्ता तोंडावाटे दिला, तिनं पचवला, आणि देत राहिलो, तर शरीर बहुतेक मत बदलतं. बहुतेक म्हणतेय मी. पुढच्या आठवड्यात आकडे असेच चढले तर मीच हात लावणार नाही."

"आणि आज दिल्यावर नाही पचवला तर?" तेजस म्हणाला.

डॉक्टरांनी टेबलावरच्या ट्रेकडे बोट दाखवलं. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, प्राणवायूची नळी, छोटासा मुखवटा. जुईच्या तोंडाच्या मापाचा. मला तो मुखवटा बघवला नाही.

तेजस मला व्हरांड्यात घेऊन गेला. "राहू दे ना गं पिवळीच. घरात दाणा बंद करू. एकदम बंद. कशाला आपणहून विस्तवात हात घालायचा?"

"बंद कुठं कुठं करशील? बसमध्ये? पाळणाघरात? समोरच्या काकू पापा घेतात तिचा, त्यांच्या तोंडाला?"

"तिला आज काही झालं तर?"

"आणि आज काही केलं नाही तर?"

तो रडायला लागला. आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली, मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला त्याला जवळ घ्यायचं होतं आणि दोन चापटीही द्यायच्या होत्या, कारण माझं रडं मग मी कुठं ठेवायचं? "मला ठरवता येत नाही हर्षू," तो म्हणाला. "तू ठरव. मी कधी तुला बोलणार नाही."

म्हणजे झालं. पेटी म्हणे निर्णय पालकांचा, आणि पालक म्हणे तू ठरव.

दाण्याची मऊ पेस्ट कोमट पाण्यात कालवलेली होती. नर्सनं वाटी माझ्यापुढे धरली. "भरवायचं आईनं," डॉक्टर म्हणाल्या. "आमच्या हातून घेताना बाळं रडतात, आणि मग रडून धाप लागलीय की दाण्यानं, ते कळत नाही."

पहिल्यांदा चमच्याचं नुसतं टोक. जुईनं चाटलं, भुवया उंचावल्या, मिटक्या मारल्या. सोलापूरचीच पोरगी! आम्ही थांबलो. डॉक्टर तिच्या छातीवर नळी टेकवून ऐकत होत्या, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. काही नाही. मग थोडं जास्त. तेही तिनं गिळलं, थोडं हनुवटीवर ओघळलं, नर्सनं पुसलं.

आणि हनुवटीवर गांध उठली. लाल, फुगीर, आठाण्याएवढी.

"डॉक्टर!"

"बघतेय." त्यांनी झबलं काढलं, पाठ बघितली, पोट बघितलं, ओठ बघितले. श्वास ऐकला. पुन्हा ऐकला. "बाकी कुठं नाही. हनुवटीची कातडी फाटलेलीच आहे, पेस्ट लागली म्हणून तिथंच उठली असेल. किंवा ही सुरुवात असेल. खोटं कशाला सांगू, आत्ता यातलं कुठलं ते मला सांगता येत नाही. थांबायचं असेल तर थांबू. पण थांबलो तर चाचणी नापास, आणि नापास म्हणजे लाल."

तेजस भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाहेर बाकावर आत्यांचा जप ऐकू येत होता. जुईनं माझ्या मंगळसूत्राची वाटी मुठीत धरली होती आणि ती ओढत होती, नेहमीसारखी. ओठ गुलाबी. डोळे स्वच्छ. नेहमीसारखी होती ती, सगळीच नेहमीसारखी, हनुवटी सोडून.

मला जन्मात इतकी भीती वाटली नव्हती. बाळंतपणातही नाही.

"द्या वाटी," मी म्हणाले.

पूर्ण चमचा दिला. तिनं खाल्ला. मग आम्ही वाट बघत बसलो. गांध तेवढीच राहिली. मग फिकी झाली. जुईला झोप आली तेव्हा मी तिला झोपू देईना, डॉक्टर म्हणाल्या, "झोपू दे, नुसती झोपच आहे ती," तरी मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसले. दुपार टळून गेली. शेवटी डॉक्टरांनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली आणि म्हणाल्या, "पचवलाय."

आत्या धावतच आत आल्या आणि त्यांनी डॉक्टरांचे पायच धरले. तेजस खुर्चीत बसला तो उठेना.

"थांबा, पेढे नंतर," डॉक्टर म्हणाल्या. "खरं काम आता आहे. उद्यापासून रोज एक चमचा, घरी. आधी गालाला मलम, मग दाणा, मग हात धुवायचे. चुकवायचा नाही. भीती वाटली म्हणून आठवडाभर बंद केलात, तर शरीर पुन्हा विसरेल, आणि मग दिलात तर आजच्यापेक्षा जोरात उलटेल. हे इंजेक्शन घरी ठेवा. बहुतेक लागणार नाही."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस नाही, वर्षं. ती शाळेत जाईपर्यंत तरी."

मला वाटलं होतं, आज एकदा काय तो जीव मुठीत धरला की सुटले. तसं नव्हतं तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच स्वयंपाकघरात. डॉक्टर नाहीत, नर्स नाही, नळी नाही. तेजस दारात उभा, हातात इंजेक्शन, टोपण काढून. आत्यांच्या हातात फोन, डॉक्टरांचा नंबर लावून ठेवलेला, नुसतं बोट टेकवायचं. दोघंही जुईकडे असं बघत होते, की तिचं तोंडच वाकडं व्हायला लागलं. खालचा ओठ पुढे आला.

"तुम्ही दोघं जरा तिकडे बघा बरं," मी म्हणाले. "घाबरवताय तिला."

मी चमचा भरला. कोपर गुडघ्यावर टेकवलं. जुई चमच्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, हे चांगलंय की वाईट ते ठरवायला. तिच्याकडे दुसरी कुठली पारखी नव्हती.

मी हसले. सगळा जीव एकवटून, दात दाखवून हसले.

तिनं आ केला.